हवामानाशी शर्यत लावणारं गणित

१९५० सालच्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅबर्डीनच्या लष्करी केंद्रात काही हवामानशास्त्रज्ञ एनिअ‍ॅक नावाच्या सुरुवातीच्या संगणकापुढे रात्रंदिवस राबत होते. यंत्र खोलीभर पसरलेलं, आत सतरा हजारांहून जास्त निर्वात नळ्या, आणि मधली उत्तरं लक्षात ठेवायला भोकं पाडलेली कार्डं. ज्यूल चार्नी, रॅग्नर फ्योर्टॉफ्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेवरच्या हवेवर एक जाळी कल्पिली होती. जाळीच्या दोन बिंदूंमध्ये अंतर ७३६ किलोमीटर, म्हणजे अख्खं वादळ दोन बिंदूंच्या मधून सहज निसटून जाईल एवढं. अंदाज काढायचा होता पुढच्या चोवीस तासांचा, आणि तो काढायला लागले जवळपास चोवीसच तास. बराच वेळ गणितात नाही, कार्डं हलवण्यात गेला.

म्हणजे उद्याचं हवामान हातात पडलं तेव्हा उद्या उजाडलेला होता. तरीही मंडळी खूश होती, कारण हवामानाबरोबर धावण्याइतकं गणित पहिल्यांदाच जमलं होतं. आता फक्त त्याला मागे टाकायचं होतं.

हवामानाचा अंदाज ही नाशवंत वस्तू आहे. वेळ टळली की अचूक अंदाजही रद्दीत जमा. हे नीट लक्षात घेतलं की हवामान खात्यांना जगातले मोठमोठे महासंगणक का लागतात, ते निम्मं कळतं. उरलेलं निम्मं कळायला त्या यंत्रात नेमकं काय चालतं ते बघावं लागतं.

हवा म्हणजे वाहता वायू, आणि त्याच्यावर भौतिकशास्त्राचे नेहमीचेच नियम चालतात. दाब जास्त तिथून कमी तिकडे ढकलली जाणारी हवा, पृथ्वीच्या फिरण्यामुळे तिला मिळणारं वळण, वर चढताना थंड होणं, थंड झाल्यावर वाफेचं पाणी होणं आणि ते होताना उष्णता बाहेर पडणं. आजची स्थिती आणि हे नियम ठाऊक असले तर उद्याची स्थिती काढता आली पाहिजे, असं नॉर्वेच्या व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी १९०४ मध्येच मांडलं होतं. अडचण एवढीच, की ही समीकरणं कागदावर सुटत नाहीत. मग एकच वाट उरते: वातावरणाचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यात दाब, तापमान, वारा, बाष्प यांचा एकेक आकडा ठेवायचा, आणि काही मिनिटांनी तो आकडा किती बदलेल हे शेजारच्या तुकड्यांकडे बघून काढायचं. मग पुन्हा काही मिनिटं पुढे. पुन्हा. पुन्हा.

हे सगळं किती होतं, त्याचा हिशोब एकदा करूनच बघू. युरोपातल्या अनेक देशांनी मिळून चालवलेल्या मध्यम पल्ल्याच्या अंदाजकेंद्राचं, म्हणजे ईसीएमडब्ल्यूएफचं, जागतिक मॉडेल सुमारे ९ किलोमीटरच्या जाळीवर चालतं. पृथ्वीच्या पृष्ठभागावर असे साधारण ६६ लाख बिंदू बसतात. प्रत्येक बिंदूच्या डोक्यावर हवेचे १३७ थर. गुणाकार केला तर ९० कोटींच्या घरात तुकडे होतात. घड्याळ एका वेळी साडेसात मिनिटं पुढे सरकतं, म्हणजे दहा दिवसांच्या अंदाजाला १,९२० पावलं. ९० कोटी तुकडे, १,९२० वेळा, आणि दरवेळी प्रत्येक तुकड्यात वारा, ऊन, ढग, पाऊस यांची स्वतंत्र आकडेमोड. हे सगळं साधारण तासाभरात उरकायचं, कारण त्यापुढे नकाशे, इशारे आणि ते इशारे वाचून निर्णय घेणारी माणसं वाट बघत असतात.

मग जाळी अजून बारीक का करत नाहीत, असं कोणीही विचारेल. करतातच, पण ती फार महागात पडते. जाळीचं अंतर निम्मं केलं तर पूर्व-पश्चिम दुप्पट बिंदू, उत्तर-दक्षिण दुप्पट, म्हणजे चौपट काम. आणि एवढ्यावर भागत नाही. वाऱ्याने एका पावलात अख्खा तुकडा ओलांडून पुढे उडी मारली तर गणित बिनसतं, आकडे फुगत फुगत निरर्थक होतात. कुरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी या तीन गणितज्ञांनी १९२८ मध्ये ही मर्यादा दाखवून दिली. म्हणून तुकडा निम्मा केला की पाऊलही निम्मं करावं लागतं, आणि काम होतं आठपट. थरही दुप्पट केले तर सोळापट. या मर्यादेला वळसा घालायच्या गणिती युक्त्या आहेत आणि मोठी मॉडेलं त्या वापरतातही, पण त्यांनी मिळणारी सूट कुठेतरी संपतेच.

एवढं काम एका प्रोसेसरच्या आवाक्यातलं नाही. म्हणून पृथ्वीची वाटणी होते. हजारो प्रोसेसरांना एकेक पट्टा नेमून दिला जातो आणि प्रत्येक जण आपापल्या पट्ट्याचं गणित करतो. पण हवा वाटण्या मानत नाही. माझ्या पट्ट्याच्या कडेच्या तुकड्यात पुढे काय होणार हे शेजाऱ्याच्या कडेला आत्ता काय आहे यावर ठरतं. त्यामुळे प्रत्येक जण आपल्या पट्ट्याभोवती शेजाऱ्याच्या आकड्यांची एक किनार बाळगतो आणि दर पावलाला ती ताजी करून घेतो. किनारीचे आकडे आल्याशिवाय पुढचं पाऊल टाकता येत नाही. हजारातला एक जरी रेंगाळला तरी बाकीचे ९९९ हातावर हात धरून बसतात.

आणि रेंगाळायला कारणं असतात. ज्याच्या पट्ट्यात दिवस आहे त्याला सूर्यप्रकाशाचं गणित करावं लागतं, रात्रवाल्याला ते नसतं. ज्याच्या पट्ट्यात वादळ उठलंय त्याला ढगांचा जास्त व्याप, कोरड्या वाळवंटवाल्याला कमी. गंमत म्हणजे हे दुखणं संगणक जन्मायच्या आधीच एका माणसाने ओळखलं होतं. ब्रिटिश शास्त्रज्ञ लुइस फ्राय रिचर्डसन यांनी १९२२ च्या आपल्या पुस्तकात एका प्रचंड गोल सभागृहाची कल्पना केली. आत ६४,००० माणसं बसलेली, प्रत्येकाकडे पृथ्वीचा एक तुकडा, प्रत्येक जण शेजाऱ्याचे आकडे बघून आपलं गणित करतोय. मधोमध उंच जागी एक प्रमुख. जो भाग पुढे पळतोय त्याच्यावर तो गुलाबी प्रकाशझोत टाकणार, जो मागे पडलाय त्याच्यावर निळा. आजच्या महासंगणकावर कामाचा समतोल साधणारे प्रोग्रॅमर याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त दिवे नसतात.

मला विचाराल तर महासंगणकाबद्दल लिहिताना आपण त्याच्या वेगाचे आकडे जरा जास्तच मिरवतो. एका सेकंदात इतके कोटी कोटी गुणाकार वगैरे. हवामानाच्या मॉडेलला गुणाकारांची टंचाई क्वचितच भासते. टंचाई असते ती आकडे वेळेवर हाताशी येण्याची. प्रोसेसर तयार असतो, पण स्मृतीतून दाबाचा आकडा यायचाय, शेजाऱ्याकडून किनार यायचीय. त्यामुळे यंत्राच्या कागदावरच्या ताकदीपैकी जेमतेम काही टक्केच मॉडेलच्या वाट्याला येते. म्हणून या यंत्रांत प्रोसेसरांइतकंच महत्त्व त्यांना जोडणाऱ्या तारांच्या जाळ्याला असतं.

आणि रोजचा अंदाज काढणारं यंत्र बंद पडून चालत नाही. अमेरिकेच्या हवामान सेवेकडे त्यासाठी दोन जुळी यंत्रं आहेत: व्हर्जिनियात मॅनॅसस इथे डॉगवुड आणि अ‍ॅरिझोनात फीनिक्स इथे कॅक्टस. एकाला काही झालं तर दुसऱ्याने काम उचलायचं.

आता पुन्हा रिचर्डसनकडे, कारण त्यांची खरी गोष्ट सभागृहाची नाही, फसलेल्या अंदाजाची आहे. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये रुग्णवाहिका चालवत होते. त्या काळात त्यांनी २० मे १९१० या होऊन गेलेल्या दिवसाचा सहा तासांचा अंदाज हाताने काढला. सहा आठवडे गेले. उत्तर आलं की दाब १४५ हेक्टोपास्कलने बदलेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता. १४५ हा आकडा इतका बेफाम आहे की भल्याभल्या चक्रीवादळातही सहा तासांत असं होत नाही. हस्तलिखित युद्धाच्या धामधुमीत गहाळ झालं आणि काही महिन्यांनी बेल्जियममध्ये कोळशाच्या ढिगाखाली सापडलं. त्यांनी ते चुकलेल्या उत्तरासकट छापलं. असा प्रामाणिकपणा आजही दुर्मीळच.

चूक गुणाकारात नव्हती, सुरुवातीच्या आकड्यांत होती. मोजलेला दाब आणि मोजलेला वारा एकमेकांशी मेळ खात नव्हते, आणि त्या विसंगतीतून नसलेल्या लाटा उसळल्या. इथून हवामानशास्त्राला एक धडा मिळाला: अंदाज काढण्याआधी 'आत्ता काय आहे' हे ठरवणं हेच मोठं काम आहे.

हे ऐकायला विचित्र वाटतं. आत्ता काय आहे ते तर मोजता येतं की! पण ९० कोटी तुकड्यांपैकी बहुसंख्य तुकडे समुद्रावर, वाळवंटावर, ध्रुवांवर, पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर असतात. तिथे तापमापक टांगलेला नसतो. हवा मोजणारी उपकरणं नेणारे फुगे दिवसातून साधारण दोनदा सुटतात, तेही ठरावीक ठिकाणांहून. विमानं ठरलेल्या मार्गाने जातात. उपग्रह सगळीकडे बघतात, पण तापमान मोजत नाहीत. वर पोचणारं किरणांचं तेज मोजतात, आणि त्यावरून खाली काय असेल ते उलट वाटेने शोधावं लागतं. म्हणून मॉडेलचा आधीचा, काही तासांपूर्वीचा अंदाज घ्यायचा, आलेल्या लाखो मोजमापांशी ताडून बघायचा, आणि दोन्हींवर किती विश्वास ठेवायचा हे तोलून मधली एक सुसंगत स्थिती शोधायची. ईसीएमडब्ल्यूएफने १९९७ पासून वापरात आणलेल्या पद्धतीत तर काळही धरला जातो: काही तासांच्या खिडकीत जे जे मोजलं गेलं, त्या सगळ्यातून जाऊ शकेल अशी वातावरणाची वाट शोधायची. त्यासाठी मॉडेल पुढे चालवायचं, चूक बघायची, चुकीचा माग काढत गणित कालक्रमाने उलटं चालवायचं, सुरुवात सुधारायची आणि पुन्हा पुढे. अंदाजासाठी लागणाऱ्या संगणकशक्तीचा मोठा वाटा इथेच, अंदाज सुरू होण्याआधी खर्च होतो.

याचं मोल २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये दिसलं. सँडी हे चक्रीवादळ अटलांटिकमध्ये उत्तरेकडे निघालं होतं. अशी वादळं सहसा उजवीकडे वळून समुद्रात विरून जातात. युरोपीय मॉडेलने आठवडाभर आधी सांगायला सुरुवात केली की हे डावीकडे वळून अमेरिकेच्या किनाऱ्यावर आदळेल. अमेरिकेचं स्वतःचं मॉडेल आणखी काही दिवस ते समुद्रातच पाठवत होतं. सँडी डावीकडेच वळलं. नंतर प्रयोग म्हणून ध्रुवावरून फिरणाऱ्या उपग्रहांची मोजमापं वगळून युरोपीय मॉडेल पुन्हा चालवलं, तेव्हा त्याचाही अंदाज चुकला. सँडीनंतर मंजूर झालेल्या मदतनिधीतला काही पैसा अमेरिकेने हवामानाचे संगणक वाढवण्यावर घातला.

पण सुरुवात कितीही नीट शोधली तरी ती थोडी चुकीची असतेच. ती थोडी चूक काय करते ते अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्झ यांना १९६१ मध्ये अपघाताने दिसलं. आधी चालवलेलं एक छोटं मॉडेल मधूनच पुन्हा सुरू करायला त्यांनी छापील कागदावरचा आकडा टाकला: ०.५०६. यंत्राच्या पोटात मात्र तो ०.५०६१२७ होता. कॉफी पिऊन परत येईपर्यंत दोन्ही हवामानांचा एकमेकांशी काही संबंध उरला नव्हता.

यावरचा उपाय म्हणजे एकच अंदाज काढायचा नाही. सुरुवात किंचित किंचित बदलून एकाऐवजी पन्नास अंदाज काढायचे आणि ते किती पांगतात ते बघायचं. पन्नासही जवळजवळ राहिले तर ठामपणे बोलायचं. फाकले तर जपून. 'पावसाची शक्यता ६० टक्के' हे वाक्य अनेकांना अंग काढून घेण्यासारखं वाटतं. मला ते सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं, कारण त्याच्यामागे पन्नास वेळा चालवलेली पृथ्वी असते. १९९२ पासून हे नियमित होऊ लागलं, सुरुवातीला पन्नासांहून कमी अंदाजांनिशी, आणि अर्थातच त्याचं बिलही कित्येकपट आलं.

तेव्हा हाती आलेली संगणकशक्ती म्हणजे एक ठरावीक पगार समजा, आणि त्याच्यावर टपलेले वाटेकरी अनेक. एकाला जाळी बारीक हवी, दुसऱ्याला जास्त अंदाज, तिसऱ्याला समुद्र, बर्फ आणि झाडझाडोरा जास्त तपशिलात. नवं यंत्र आलं की ही ओढाताण नव्याने सुरू होते. कधी यंत्र न बदलताही पैसे सापडतात. २०२१ मध्ये ईसीएमडब्ल्यूएफने मॉडेलमधल्या आकड्यांची अचूकता पंधरा-सोळा अंकांवरून सातेक अंकांवर आणली. म्हणजे लॉरेन्झ यांच्याकडून चुकून झालं ते मुद्दाम केलं! सुरुवातीची स्थितीच दोन-तीन अंकांपलीकडे खात्रीची नसेल तर सोळावा अंक जपण्यात काय हशील, हा त्यामागचा विचार. वाचलेल्या शक्तीतून त्या पन्नास अंदाजांमधले हवेचे थर ९१ वरून १३७ केले.

आता हवामानबदलाचं संशोधन. इथे वाचकाच्या मनात एक रास्त शंका असते: पंधरा दिवसांनंतरचा पाऊस सांगता येत नाही आणि २०८० सालचं तापमान कसलं सांगताय? किनाऱ्यावर उभं राहून बघा. पुढची लाट नेमकी कुठे फुटेल हे सांगता येत नाही, पण भरती कधी येणार ते वर्षभर आधी छापता येतं. हवामान म्हणजे लाट. तिचं सगळं सुरुवातीवर अवलंबून. दीर्घकाळचं सरासरी हवामान भरतीसारखं, बाहेरून ओढणाऱ्या शक्तींनी ठरणारं: सूर्याची उष्णता, हवेतला कार्बन डायऑक्साइड, ज्वालामुखीची धूळ. स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदरल्ड यांनी १९६७ मध्ये हवेचा फक्त एक उभा खांब घेऊन, कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान सुमारे २.३ अंशांनी वाढेल असं काढलं होतं. मनाबे यांना २०२१ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं त्यामागे हे कामही होतं.

मॉडेल इथेही तेच, तुकड्यांचं आणि पावलांचं. खर्च मात्र वेगळ्या दिशेने होतो. दहा दिवसांऐवजी शंभर वर्षं चालवायची, म्हणून जाळी सैल ठेवावी लागते, अनेकदा १०० किलोमीटरच्या आसपास. हवेला खोल समुद्र जोडावा लागतो, आणि समुद्र इतका सावकाश हलतो की खरा प्रयोग सुरू करण्याआधी त्याला स्थिरावायला मॉडेलमधली शेकडो वर्षं द्यावी लागतात. मग उत्सर्जन वाढलं तर, घटलं तर, माणसाने काहीच केलं नसतं तर, अशा वेगवेगळ्या पृथ्व्या चालवायच्या. या शेवटच्या पृथ्वीमुळेच एखाद्या उष्णतेच्या लाटेत माणसाचा हात किती हे काढता येतं. २००३ च्या युरोपातल्या भयंकर उन्हाळ्याबद्दल पुढच्याच वर्षी पीटर स्टॉट आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की माणसामुळे अशा उन्हाळ्याची शक्यता निदान दुप्पट झाली असण्याचीच चिन्हं जास्त आहेत. एकच पृथ्वी असलेल्या आपल्याला हे दुसऱ्या कुठल्या प्रयोगशाळेत कळलं नसतं.

सैल जाळीची किंमत ढगांमध्ये मोजावी लागते. १०० किलोमीटरच्या तुकड्यात ढग दिसतच नाही. 'इतकी आर्द्रता आणि इतकं तापमान असेल तर तुकड्याचा इतका भाग ढगाळ धरा' असे ठोकताळे बसवावे लागतात. वेगवेगळ्या संस्थांचे ठोकताळे वेगवेगळे, आणि भविष्यातल्या तापमानवाढीच्या आकड्यांत जो फरक दिसतो त्यातला मोठा भाग या ढगांपायीच. म्हणून जाळी इतकी बारीक करायची की गडगडाटी ढग ठोकताळ्याशिवाय, समीकरणांतूनच उभा राहील, ही जुनी आकांक्षा. अमेरिकेतल्या फ्रंटियर या महासंगणकावर स्क्रीम नावाचं मॉडेल ३.२५ किलोमीटरच्या जाळीवर साऱ्या पृथ्वीसाठी चाललं. वेग होता एका दिवसात मॉडेलमधलं सव्वा वर्ष. २०२३ मध्ये हवामान मॉडेलांसाठीचं गॉर्डन बेल पारितोषिक या कामाला मिळालं. भागाकार करून बघा: शंभर वर्षांसाठी ३७ हजारांहून जास्त ग्राफिक्स प्रोसेसर असलेलं ते यंत्र जवळपास ऐंशी दिवस दुसऱ्या कोणालाही द्यायचं नाही. तेही फक्त एका पृथ्वीसाठी, आणि समुद्राचं गणित त्यात नाहीच.

शेवटी कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल, कारण हल्ली हा प्रश्न टळत नाही. २०२३ मध्ये गूगल डीपमाइंडच्या ग्राफकास्टने एका चिपवर, एका मिनिटाच्या आत दहा दिवसांचा अंदाज काढून दाखवला, आणि अनेक कसोट्यांवर तो महासंगणकाच्या अंदाजापेक्षा सरस ठरला. २०२५ च्या फेब्रुवारीपासून ईसीएमडब्ल्यूएफही आपल्या जुन्या मॉडेलच्या जोडीने असंच एक शिकलेलं मॉडेल रोज चालवतं. मग महासंगणक मोडीत काढायचे का?

ग्राफकास्ट शिकलं कशावर ते बघू. त्याने ईआरए५ नावाच्या संग्रहातली सुमारे चार दशकं वाचली. हा संग्रह म्हणजे १९४० पासूनच्या हवामानाची तासातासाची नोंद, पण ती कोणी वहीत लिहून ठेवलेली नाही. जुनी मोजमापं आणि भौतिकशास्त्राचं मॉडेल यांची तीच मघाची जुळवाजुळव महासंगणकावर तासामागून तास करत तो संग्रह तयार झालाय. आणि रोज सकाळी अंदाज काढायला बसताना शिकलेल्या मॉडेललाही 'आत्ता काय आहे' हे कोणीतरी सांगावं लागतं. ते आजही महासंगणकावरच, मोजमापं आणि समीकरणं यांचा मेळ घालून निघतं.